शुगर असलेल्या माणसाचा मोतीबिंदू: लेन्स कुठली टाकायची, नव्या औषधांची वाट बघायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले एक शेतकरी, वय ६६, चौदा वर्षांपासून शुगर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगा बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, मशीन शॉपला कामाला. हॉस्पिटलात तीन पॅकेजं सांगितली, देशी फोल्डेबल म्हणजे घडी होणारी, इम्पोर्टेड आणि चष्मा लागणार नाही म्हणून सांगतात ती प्रीमियम, आणि तिघींच्या दरात बरंच अंतर. भावकीतलं कोण म्हणतंय थांबा, आता मोतीबिंदू विरघळवायचे ड्रॉप आलेत. मेहुण्यांनी डोळ्यात चिप बसवतात त्याचा व्हिडिओ पाठवलाय. ऑपरेशन पावसाळ्यात करायचं का थंडीत, हेही विचारलंय. आणि मुलगा विचारतोय की आम्ही मटेरियलचं सर्टिफिकेट बघितल्याशिवाय जॉब मशीनवर चढवत नाही, मग वडिलांच्या डोळ्यात जन्मभर राहणार ती वस्तू कशाची केलेली आहे ते आम्हाला कोण सांगणार?

मी बरीच वर्षं बेळगावात डोळ्यांची ऑपरेशनं करते, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर सगळीकडचे पेशंट येतात, आणि खरं सांगते, लेन्सचा दर विचारणारे रोज भेटतात पण मटेरियल विचारणारा क्वचित. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट, कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. चौदा वर्षं शुगर आहे म्हटल्यावर पहिला प्रश्न लेन्सचा नाहीच, पहिला प्रश्न पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा आहे. मोतीबिंदू डोळ्याच्या पुढच्या भागात असतो आणि शुगर खराब करते तो मागचा पडदा. पुढची धूसर काच काढून तुम्ही कितीही भारी लेन्स बसवली आणि मागं पडद्याच्या मधोमध सूज असली, तर वडील ऑपरेशननंतर म्हणणार की पैसे गेले आणि दिसत तर काहीच नाही. तीन पॅकेजं सांगितली म्हणता, पण त्याच्या आधी थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा बघितला का? ओसीटी केलं का? तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख कुठंच नाही, म्हणून मला काळजी वाटली. ओसीटी म्हणजे पडद्याचा स्कॅन, सुई नाही, दुखत नाही, पाच मिनिटांचं काम, त्यात पडद्याचे थर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजता येतात, सूज किती आणि कुठल्या थरात ते स्पष्ट दिसतं. मोतीबिंदू फारच दाट असेल आणि स्कॅन येतच नसेल तर निदान सोनोग्राफी करून पडदा जागेवर आहे का तेवढं तरी बघून घ्यायचं. हे झाल्याशिवाय लेन्सचं बोलणं करायचंच नाही.

आता ड्रॉपचं. ही बातमी हवेतून आलेली नाही, त्याला कारण आहे. २०१५ साली नेचर या नावाजलेल्या मासिकात एक संशोधन आलं होतं, लॅनोस्टेरॉल नावाचा पदार्थ वापरून कुत्र्यांच्या डोळ्यातला मोतीबिंदू कमी झाला असं त्यात होतं, आणि जगभर पेपरात छापून आलं की आता ऑपरेशनची गरज संपली. पण नंतर माणसाच्या काढलेल्या मोतीबिंदूवर तेच करून बघितलं, आपल्या देशातही बघितलं, २०१९ मध्ये परदेशातल्या दुसऱ्या गटानं बघितलं, तर तो काही निवळला नाही. कारण समजून घ्या. आपल्या नैसर्गिक भिंगात प्रथिनं असतात, ती आयुष्यभर तीच, बदलत नाहीत, आणि वयानं, उन्हानं, शुगरनं ती एकमेकांना चिकटून पांढरी होतात. अंडं एकदा उकडलं की पांढरा बलक परत पातळ होत नाही, तसंच ते. उद्या कुणी वेगळा रेणू शोधेलही, काम चालू आहे आणि मला त्याची उत्सुकता आहे, पण आज मोतीबिंदू विरघळवणारा सिद्ध झालेला कुठलाही ड्रॉप बाजारात नाही. जो विकतोय तो तुमचे सहा महिने फुकट घालवतोय, आणि शुगरवाल्याच्या डोळ्यात सहा महिने फार महत्त्वाचे असतात कारण त्या दाट मोतीबिंदूच्या मागं पडदा बघताच येत नाही आणि तिकडं काय चाललंय ते कळत नाही.

आपल्याकडं अजून एक आहे, मोतीबिंदू पिकू दे मग काढू. हे जुन्या ऑपरेशनच्या काळातलं, तेव्हा ते बरोबरही असेल. आता कडक झालेला मोतीबिंदू फोडायला जास्त ताकद लागते, बुबुळाच्या आतल्या पेशींना इजा होते, ऑपरेशन अवघड होतं. पिकायची वाट बघू नका.

आता लेन्सकडं येते, आणि तुम्ही मशीनवाले म्हणून जरा खोलात जाते.

डोळ्यात बसवलेली पहिली लेन्स १९४९ सालची, लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात सर हॅरोल्ड रिडली यांनी बसवली. मटेरियल होतं पीएमएमए, म्हणजे ॲक्रिलिकची कडक पारदर्शक काच, पर्स्पेक्स म्हणतात तीच. ही कल्पना महायुद्धातून आली. लढाऊ विमानांचं वरचं झाकण पर्स्पेक्सचं असायचं, गोळी लागून ते फुटलं की वैमानिकांच्या डोळ्यात त्याचे तुकडे जायचे, आणि रिडलींच्या लक्षात आलं की हे तुकडे डोळ्यात तसेच पडून राहतात पण डोळा त्याच्यावर चिडत नाही. मग त्याचीच लेन्स का करू नये? त्यावेळच्या मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांना कडाडून विरोध केला, आयुष्याची कितीतरी वर्षं त्यांनी ते सोसलं, आणि आज जगात कोट्यवधी लोकांच्या डोळ्यात लेन्स आहे ती त्या एका निरीक्षणामुळं. मला हे वाचताना अजूनही भरून येतं.

पीएमएमए चांगलंच मटेरियल, एकच अडचण, ते वाकत नाही. लेन्सचा मधला भाग साधारण ६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे छेदही तेवढाच मोठा घ्यावा लागतो. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी अल्ट्रासाऊंडनं मोतीबिंदू फोडून ओढून घ्यायची पद्धत काढली, फेको म्हणतात ती, आपल्याकडं लोक तिलाच लेझर म्हणतात पण लेझर नाही ती, सुईचं टोक सेकंदाला हजारो वेळा हलतं आणि त्यानं गर फुटतो. छेद झाला तीन मिलिमीटरचा पण लेन्स ६ ची, मग त्या लहान छेदातून घडी करून आत सोडता येईल आणि आत जाऊन पुन्हा उलगडेल असं मटेरियल पाहिजे होतं. त्यातून आधी सिलिकॉन आलं आणि नव्वदच्या दशकात हायड्रोफोबिक ॲक्रिलिक, म्हणजे पाणी न शोषणारं. आता २.२ ते २.८ मिलिमीटरच्या छेदातून लेन्स जाते, टाका लागत नाही.

यातली गंमत तुम्हाला कळेल. पीएमएमए मऊ व्हायला शंभर अंशाच्या वर तापमान लागतं. हायड्रोफोबिक ॲक्रिलिकची रचना अशी केली की ते तापमान खोलीच्या तापमानाच्या आसपास किंवा त्याच्या खाली येतंय, त्यामुळं थंड ऑपरेशन थिएटरमध्ये ती लेन्स ताठ लागते आणि डोळ्यात गेली की अंगाच्या उबेनं सावकाश उलगडते, डोळ्यादेखत. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड वाकवायची ताकद, पण जास्त, पीएमएमएचा १.४९ आणि याचा १.५५ पर्यंत, म्हणून तेवढ्याच नंबरला लेन्स पातळ होते. आणि कडा चौकोनी कापलेली असते. ही कडा का महत्त्वाची? आपण मोतीबिंदू काढतो पण त्याची पातळ पिशवी आत ठेवतो, लेन्स त्याच पिशवीत बसते. काठावर राहिलेल्या पेशी पिशवीच्या मागच्या पापुद्र्यावर सरकत येतात आणि दोन-चार वर्षांनी परत धूसर होतं, लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला. चौकोनी कडेवर त्या पेशी अडतात. पूर्ण थांबत नाहीत, पण प्रमाण बरंच कमी होतं. आणि झालं तरी याग लेझरनं काही मिनिटांत साफ करता येतं, घाबरायचं कारण नाही.

दुसरं मटेरियल हायड्रोफिलिक ॲक्रिलिक, पाणी धरणारं, वजनाच्या साधारण पाव भागाएवढं पाणी असतं त्यात. वळायला फार सोयीचं, स्वस्तही पडतं, बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं उत्तम चालतं. पण त्याचा एक स्वभाव आहे, काही डोळ्यांत त्याच्यावर कॅल्शियम साचून लेन्सच दुधी होते, आणि पुढं जर पडद्याचं ऑपरेशन होऊन डोळ्यात गॅस किंवा हवा भरावी लागली तर हा धोका जास्त. सिलिकॉनची लेन्स असेल तर वेगळीच पंचाईत, पडद्याच्या अवघड ऑपरेशनात डोळ्यात सिलिकॉन तेल भरतात आणि ते तेल सिलिकॉनच्या लेन्सला चिकटून बसतं, मग पेशंटलाही दिसत नाही आणि सर्जनला आतलं बघता येत नाही.

आता हे तुमच्या वडिलांना लावून बघा. चौदा वर्षं शुगर. आज पडदा ठीक असला तरी पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्याला लेझर, इंजेक्शन, कदाचित ऑपरेशन लागू शकतं. म्हणजे लेन्स अशी पाहिजे की उद्या पडद्यावर काम करायची वेळ आली तर ती आडवी येणार नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: हायड्रोफोबिक ॲक्रिलिक, एकच फोकसवाली, चौकोनी कडेची, मधला भाग पूर्ण ६ मिलिमीटरचा. ती देशी का परदेशी हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न. देशी म्हणजे हलकी असं डोक्यातनं काढा. मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलवाल्यांनी १९९२ मध्ये ऑरोलॅब सुरू केली, आणि त्याआधी जी लेन्स परदेशातून यायची आणि गरिबाच्या आवाक्याबाहेर होती ती इतकी स्वस्त केली की इथून लेन्स कितीतरी देशांत जातात. पॅकेटवरचं स्टिकर मागून घ्या, त्यावर मॉडेल, पॉवर, मटेरियल, सिरीयल नंबर सगळं असतं, एक प्रत तुमच्या कार्डावर चिकटवून देतात. तुमचं मटेरियल सर्टिफिकेट ते. ते कार्ड रेशन कार्डाबरोबर जपून ठेवा.

प्रीमियमचं बोलायचं तर मल्टिफोकल लेन्स आत येणारा उजेड वाटून देते, काही लांबच्यासाठी काही जवळच्यासाठी. निरोगी पडदा असलेल्या माणसाला त्याचा उपयोग होतो, मी स्वतः बसवते. पण शुगरनं पडदा थोडा जरी बिघडलेला असेल तर त्याला आधीच उजेडातला बारीक फरक कमी कळतो, त्यात हा उजेड वाटून गेला की चित्र फिकं दिसतं, रात्री गाडीच्या लाइटभोवती कडी दिसतात. वडिलांना पेपर वाचायला जवळचा चष्मा लागेल तर लागू दे की, दोनशे-तीनशे रुपयांचा चष्मा आहे. आडवा नंबर जास्त असेल, म्हणजे सिलिंडर, तर टोरिक लेन्सचे पैसे द्यायला हरकत नाही, त्याचा फायदा रोज दिसतो, फक्त पडदा ठीक पाहिजे. पिवळी लेन्स पडद्याचं रक्षण करते म्हणून जादा पैसे सांगत असतील तर तसा ठोस पुरावा नाही, त्याच्यासाठी पैसे वाढवू नका.

टाका नसलेलं दुसरं एक ऑपरेशन आहे, एसआयसीएस, छेद सहा-साडेसहा मिलिमीटरचा पण बोगद्यासारखा तिरका, म्हणून आपोआप मिटतो. शिबिरात जास्त करून हेच होतं. चांगल्या हातानं केलेलं असेल तर नजर फेकोच्या जवळपासच येते आणि दाट, तपकिरी मोतीबिंदूला तर मी कधीकधी हेच पसंत करते. शिबिरात झालं म्हणजे कमी दर्जाचं असं समजू नका.

आता पडदा. समजा ओसीटीत सूज निघाली, तर मोतीबिंदूच्या आधी किंवा त्याच्याबरोबर त्याचा इलाज. गेल्या वीस वर्षांत सगळ्यात मोठा बदल कुठं झाला असेल तर इथं झालाय. पूर्वी सुजेला फक्त लेझर होतं, लेझरनं नजर जायची थांबायची पण गेलेली फारशी परत यायची नाही. शुगरनं पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात, पडदा उपाशी राहतो आणि तो व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो, त्या प्रथिनानं वाहिन्या आणखी गळतात आणि नव्या कच्च्या वाहिन्या उगवतात. हे प्रथिन अडवणारी औषधं आली, डोळ्यात इंजेक्शननं देतात. डोळ्यात सुई म्हटलं की लोक उठून जायला निघतात, पण थेंबानं बधिर करून सुई पांढऱ्या भागातून जाते, केसाएवढी बारीक, काही सेकंदांचं काम.

औषधं तीन-चार आहेत आणि दरात जमीन-अस्मानाचा फरक. बेव्हासिझुमॅब मूळ कॅन्सरचं औषध, त्याच्या लहान मात्रा करून डोळ्यात वापरतात, सगळ्यात स्वस्त. रॅनिबिझुमॅब खास डोळ्यासाठी बनवलेलं, आणि त्याचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाच्या तोडीचं दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं, २०१५ मध्ये भारतात निघालं, अहमदाबादच्या इंटासनं काढलं, त्यामुळं आपल्या पेशंटला ते परवडायला लागलं. मग ॲफ्लिबरसेप्ट. आणि २०२२ पासून फॅरिसिमॅब, ते व्हीईजीएफबरोबर आणखी एक वाट अडवतं, म्हणून काही पेशंटना इंजेक्शनमधलं अंतर सोळा आठवड्यांपर्यंत वाढवता येतं.

मग सगळ्यात महाग तेच चांगलं का? २०१५ मध्ये अमेरिकेत पहिल्या तिघांची समोरासमोर तुलना झाली. नजर थोडीच कमी झालेली असेल तर तिन्ही औषधांत वर्षाच्या शेवटी सांगण्यासारखा फरक नव्हता, नजर बरीच गेलेली असेल तर ॲफ्लिबरसेप्ट पुढं होतं. नंतर २०२२ मध्ये अजून एक चाचणी आली, ती मला आपल्या भागासाठी फार कामाची वाटते. नजर बरीच कमी असलेल्या पेशंटना एका गटात सुरवातीपासून महागडं ॲफ्लिबरसेप्ट दिलं, दुसऱ्या गटात आधी बेव्हासिझुमॅब आणि पुरेसा फरक पडला नाही तरच महागडं. दोन वर्षांनी दोन्ही गटांची नजर जवळजवळ सारखी. दुसऱ्या गटातल्या सत्तर टक्के डोळ्यांना शेवटी औषध बदलावं लागलं हे खरं, पण तीस टक्क्यांचं स्वस्तातच भागलं आणि वाट बघितल्यानं गटाची नजर मागं पडली नाही. म्हणून परवडत नाही म्हणून इंजेक्शनच घ्यायचं नाही असं करू नका, स्वस्तातलं घ्या पण वेळेवर घ्या. माझ्या पेशंटमध्ये नजर जाते ती स्वस्त औषधानं नाही, दुसरं इंजेक्शन चुकवल्यानं जाते. पेरणी आली, यात्रा आली, कुणाचं लग्न आलं आणि माणूस चार महिन्यांनी येतो. आधीच सांगून ठेवते, सुरवातीला तीन ते पाच इंजेक्शनं महिन्या-महिन्यानं लागतील, घरात सगळ्यांनी तशी तयारी ठेवा.

मटेरियलवाल्यासाठी एक अजून. सुजेवर स्टेरॉइडचा एक इम्प्लांट येतो, तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक कांडी, पीएलजीए नावाच्या पॉलिमरची, विरघळणारे टाके ज्या कुळातले त्याच कुळातलं. डोळ्यात सोडली की काही महिने हळूहळू औषध सोडत राहते आणि पॉलिमर शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन संपतो, काढायला लागत नाही. वारंवार येणं जमत नसेल त्यांना बरं पडतं, मात्र डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, काचबिंदू असणाऱ्यांनी जपून. आणि डोळ्याच्या भिंतीत बसवायची एक लहान टाकी पण निघालीय, सहा महिन्यांनी बाहेरून सुईनं भरायची. अमेरिकेत २०२१ मध्ये तिला मान्यता मिळाली, २०२२ मध्ये कंपनीनं स्वतःहून परत मागवली, कारण भरायच्या जागेचं रबरी सील वारंवार सुई टोचून निसटत होतं, मग सुधारून २०२४ मध्ये पुन्हा आली. सील किती वेळा टोचून टिकतं हा प्रश्न तुमच्या हायड्रॉलिकच्या धंद्यात रोजचा आहे, डोळ्याच्या संशोधनातही अडतं ते तिथंच.

मेहुण्यांच्या चिपचं. तीही खरी आहे, २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचे निकाल प्रसिद्ध झाले. २ मिलिमीटर बाय २ मिलिमीटरची, ३० मायक्रॉन जाडीची सिलिकॉनची चिप, लेन्सवालं सिलिकॉन वेगळं, ही अर्धवाहकाची, पडद्याच्या खाली सरकवतात. पेशंट खास चष्मा घालतो, त्यातला कॅमेरा चित्र इन्फ्रारेड उजेडात चिपवर टाकतो आणि चिप पडद्याच्या जिवंत पेशींना विजेचा इशारा देते. वर्षभरानंतर तपासलेल्या ३२ पेशंटपैकी २६ जणांना अक्षरं वाचण्यात ठळक फरक पडला. ज्यांची मधली नजर पूर्ण गेली त्यांनी परत अक्षर वाचलं, हे ऐकून माझ्यासारखीला किती आनंद होतो ते सांगता येत नाही. पण तो आजार वेगळा, वयानं पडद्याचा मध्यभाग वाळत जातो तो. मोतीबिंदूला किंवा शुगरच्या सुजेला त्याचा संबंध नाही. वडिलांनी त्याची वाट बघायची नाही.

शुगरच्या औषधांबद्दल दोन शब्द, कारण डोळ्याचा डॉक्टर आणि शुगरचा डॉक्टर एकमेकांशी बोलत नाहीत आणि मधे पेशंट. वजन आणि शुगर झपाट्यानं उतरवणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं आता आपल्याकडं आलीत. औषध चांगलं, पण बरीच वर्षं वाढलेली शुगर एकदम खाली आली की पडद्याचा आजार काही काळ उफाळू शकतो, हे इन्सुलिनच्या बाबतीतही जुनंच माहीत आहे. म्हणून असलं काही सुरू करायच्या आधी पडदा तपासून घ्या. आणि उलट एक चांगली बातमी, फेनोफायब्रेट नावाची चरबीची जुनी, स्वस्त गोळी. स्कॉटलंडमध्ये हजारावर शुगर पेशंटवर चाचणी झाली, २०२४ मध्ये निकाल आला, सुरवातीचा पडद्याचा आजार पुढं सरकण्याचं प्रमाण त्या गोळीनं सुमारे पाव भागानं कमी झालं. किडनी बघून द्यावी लागते, म्हणून मेडिकलातून स्वतः घेऊन सुरू करू नका, फिजिशियनना विचारा की माझ्या वडिलांना चालेल का.

तुम्ही विचारलं नाही तरी तुमच्या डोळ्यांचं लिहिते. ग्राइंडिंगवर, फेटलिंगवर म्हणजे ओतकामाच्या कडा घासायच्या कामावर असणारी पोरं माझ्याकडं येतात, ठिणगी गेली म्हणून, आणि त्याआधी शेजारच्या मित्रानं रुमालाच्या टोकानं नाहीतर पिनेनं काढायचा प्रयत्न केलेला असतो. लोखंडाचा कण बुबुळावर एक दिवस राहिला तरी गंजाचं कडं धरतो. आणि जोरानं उडालेला कण बुबुळ भेदून आत गेला तर वरून काही दिसतही नाही, दुखतही नाही फारसं, आणि आत लोखंड महिनोन्‌महिने पडदा मारत राहतं. हातोड्यानं ठोकताना काहीतरी डोळ्यात गेल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी तपासा, आणि कण निघालाय याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही, चुंबकानं तो आत हलतो. गॉगल पॉलिकार्बोनेटचाच, बाजूनं झाकलेला. नंबरचा चष्मा घातलाय म्हणजे भागलं असं नाही.

आणि वडील शेतात जाणार. उसाची पात डोळ्याला लागली, तर पाला जातो आणि बुरशी मागं राहते. बुरशीच्या जखमेवर मेडिकलातून आणलेला स्टेरॉइडचा ड्रॉप घातला तर पहिले दोन दिवस लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत बुबुळ सडत जातं. मी फूल पडलेले जितके डोळे बघते त्यातले कितीतरी या एका ड्रॉपनं गेलेले आहेत, आणि हे थांबवता येण्यासारखं आहे म्हणून जीव तुटतो. आईचं दूध, मध, एरंडेल, काहीच घालू नका. २०१३ मध्ये मदुराईकडं झालेल्या मोठ्या चाचणीत नॅटामायसिन हे जुनंच औषध नव्या महागड्या व्होरिकोनाझोलपेक्षा सरस ठरलं, विशेष करून फ्युझेरियम बुरशीवर. म्हणजे इलाज आहे, स्वस्त आहे, फक्त वेळेत खरवडून तपासणी करून सुरू व्हायला पाहिजे.

पावसाळ्यात करू का थंडीत विचारलंय. ऋतूचा आणि जखम भरण्याचा संबंध नाही, थिएटर बारा महिने सारखंच असतंय. फक्त खानापूरच्या पश्चिमेकडं जुलैत पूल पाण्याखाली जातात, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं तपासणीला येणं जमणार असेल तरच तेव्हाची तारीख घ्या. ऑपरेशनच्या आधी मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट आणा, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर स्वतः बंद करू नका, सांगा. एका डोळ्याचं झालं की दुसऱ्याची घाई नको, पहिला नीट बसला, पडद्यावर सूज चढली नाही हे ओसीटीवर बघून मगच दुसरा, कारण शुगरवाल्यांना ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत सूज वाढायची शक्यता असते. त्यासाठी सूज उतरवायचे ड्रॉप आधीपासून सुरू करतात आणि नंतरही काही आठवडे चालतात, ते अर्धवट सोडू नका.

शेतात हलकं काम दोन-तीन आठवड्यांनी, भारा उचलणं, औषध फवारणी, मळणीची धूळ महिनाभर तरी नको, डोळ्यावर पाणी मारणं आठवडाभर नको. आणि घरी आल्यावर डोळा लाल झाला, दुखायला लागला किंवा काल दिसत होतं ते आज कमी दिसतंय असं वडील म्हणाले, तर सकाळची बस बघू नका, रात्रीच गाडी करून या, जिथं ऑपरेशन झालं तिथं जा, ते लांब असेल तर जवळच्या कुठल्याही डोळ्यांच्या हॉस्पिटलात जा.